कोळंबी, कुर्ली, शेवंड आजाराशी कशी लढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाड्यांवर कोळंबीची तळी आहेत तिथे पाणी आणि कोळंबी तपासायला माझं सतत जाणं असतं, आणि बांधावर चहा घेता घेता तेच तेच प्रश्न येतात. फोनवर अर्धवट उत्तरं दिली जातात, म्हणून यावेळी सगळं एकदा बसून लिहून काढलंय. तळेवाल्यांसाठी तर आहेच पण ज्यांना नुसती कुर्ली खायला आवडते त्यांनीही वाचा, कारण कालवणात जाणारा हा जीव आतून किती हुशारीने बांधलेला आहे ते कळलं की त्याच्याकडे बघायची नजरच बदलते, माझी तरी बदलली.

कोळंबीला आपल्यासारखी प्रतिकारशक्ती असते का?

असते, पण आपल्यासारखी नाही. आपल्या शरीरात दोन फळ्या आहेत. एक लगेच धावून जाणारी, आणि दुसरी सावकाश शिकणारी, जी अँटिबॉडी बनवते आणि एकदा गोवर झाला की तो जंतू वर्षानुवर्षं लक्षात ठेवते. कोळंबी, कुर्ली, शेवंड, जवळा या सगळ्यांकडे फक्त पहिली फळी आहे. अँटिबॉडी नाही, ती बनवणाऱ्या पेशी नाहीत. म्हणून कोणी 'यांना प्रतिकारशक्तीच नसते' म्हणतं तेव्हा मला राहवत नाही. अहो, खाडीचं पाणी म्हणजे जंतूंचा रस्साच आहे, एका थेंबात बॅक्टेरिया किती आणि व्हायरस किती, आणि त्यात हा जीव चोवीस तास कल्ले उघडे ठेवून बसलेला असतो. प्रतिकारशक्ती नसती तर अंड्यातून बाहेर आल्याच्या दुसऱ्या दिवशी संपला असता.

मग पहिला पहारा कोणाचा?

कवचाचा. कवच म्हणजे कायटिन, प्रोटीन आणि चुना यांचे थरावर थर, आणि सगळ्यात वर मेणासारखा एक पातळ लेप. कुर्लीत चुना जास्त म्हणून ती फोडायला वरवंटा लागतो, कोळंबीत कमी म्हणून ती बोटांनी सोलता येते. बहुतेक जंतूंना हे कवच फोडताच येत नाही. ज्यांच्याकडे कायटिन खाणारं एन्झाइम आहे ते प्रयत्न करतात, पण त्यांनाही आधी ओरखडा लागतो.

बऱ्याच जणांना माहीत नसतं की कवच फक्त बाहेरून नाही. कोळंबीच्या पोटाचा पुढचा भाग आणि आतड्याचा शेवटचा भाग यांनाही आतून कायटिनचं अस्तर असतं, आणि मधल्या भागात खाल्लेल्या अन्नाभोवती पातळ पिशवी तयार होते म्हणजे खरखरीत कण आतड्याला थेट लागत नाहीत. कच्च्या जागा दोन, कल्ले आणि आतड्याचा हा मधला भाग. कल्ल्यांवरचं कवच अगदी पातळ, कारण तिथूनच श्वास घ्यायचा असतो. तळ्याच्या तळाशी काळा चिखल साचला की कल्ले आधी काळे-तपकिरी दिसायला लागतात ते यामुळेच.

कात टाकल्यावर काय होतं? तेव्हाच मर का येते?

वाढायचं तर जुनं कवच टाकावंच लागतं, आणि नवं कवच कडक व्हायला कोळंबीला एक-दोन दिवस, मोठ्या कुर्लीला त्याहून जास्त लागतात. तेवढा वेळ ती मऊ असते, पाणी पिऊन फुगलेली असते. मऊ कुर्ली शिजवली की नुसतं पाणी सुटतं असं आपल्याकडे म्हणतात ते बरोबरच आहे. वरचा पहाराच नसल्यामुळे जंतू सहज शिरतो, शिवाय शेजारची धडधाकट कोळंबी मऊ झालेलीला कुरतडते ते वेगळंच.

तळेवाले सांगतात की अमावस्या-पौर्णिमेला कोळंबी जास्त कात टाकते, आणि तळ्यावर बघितलं तर खरंच त्या दिवसांत चेक ट्रेमधे (खाद्य आणि कोळंबी तपासायला तळ्यात सोडलेल्या ताटात) कातींचा खच दिसतो. त्या दोन-तीन रात्री एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बंद पडू देऊ नका, खाद्य कमी करा, जाळं फिरवू नका.

एक चांगली बाजू पण आहे. कात टाकताना जुन्या कवचावरचे डाग, चिकटलेलं शेवाळ, किडे, सगळं तिच्याबरोबर निघून जातं. म्हणजे आंघोळ, मलमपट्टी आणि नवे कपडे एकदमच.

कुर्लीचं रक्त निळं असतं हे खरं का? आणि ते लाल रक्तासारखं काम करतं का?

खरं आहे. आपल्या रक्तात लोह असतं, त्यांच्या रक्तात तांबं. त्या तांब्याच्या प्रोटीनला हीमोसायनिन म्हणतात, ऑक्सिजन मिळाला की निळसर, नाहीतर जवळजवळ पाण्यासारखं. ताजी कुर्ली साफ करताना पाटावर जो राखाडी-निळा द्रव पसरतो आणि थोड्या वेळाने जेलीसारखा होतो तेच तिचं रक्त. हे रक्त सगळीकडे नळ्यांतून फिरत नाही, अवयवांच्या मधल्या पोकळीत मोकळं वाहतं. म्हणजे एक जखम झाली आणि ती बंद झाली नाही तर सगळं रक्त बाहेर, आणि एक जंतू आत गेला तर सगळ्या अंगभर. म्हणून रक्त गोठवणं आणि जंतूला जागच्या जागी अडकवणं या दोन गोष्टी यांच्यात फार वेगाने होतात.

मी कोळंबीचं रक्त घेतो तेव्हा सुईत आधीच न गोठण्याचं औषध भरून ठेवतो, नाहीतर काचेवर टाकायच्या आत थेंबाचा गोळा होतो. तब्येतीने चांगल्या कोळंबीचं रक्त असं पटकन आटतं. तळ्यात मर सुरू झाली की तोच थेंब पाण्यासारखा पातळच राहतो, आणि ते बघितलं की रिपोर्ट यायच्या आधीच माझ्या पोटात गोळा येतो.

जंतू आत शिरलाच तर?

मग रक्तातल्या पेशी कामाला लागतात. एका मिलीलिटरमधे त्या कोटीच्या घरात असतात, आणि मायक्रोस्कोपखाली तीन प्रकार ओळखू येतात. काही अगदी साध्या, आत दाणे नसलेल्या. काहींत थोडे दाणे. काहींत गच्च भरलेले दाणे, डाळिंबासारख्या दिसतात.

एकटा बॅक्टेरिया सापडला तर पेशी त्याला गिळते. खूप बॅक्टेरिया एकदम आले तर बऱ्याच पेशी मिळून त्यांच्याभोवती गाठ करतात. आणि जंतू पेशीपेक्षा मोठा असेल, म्हणजे बुरशीचा धागा किंवा एखादा परजीवी, तर त्याच्यावर पेशींचे थरावर थर चढतात आणि तो आत जिवंत गाडला जातो.

गिळण्यावरून एक गोष्ट सांगतो. पेशी जंतूला गिळतात ही कल्पना ज्याने मांडली तो एली मेचनिकॉफ, रशियन साम्राज्यात जन्मलेला. त्याने १८८४ मधे डॅफ्निया नावाच्या बारीक पाणपिसवेत हे डोळ्यांनी बघितलं. तिचं अंग काचेसारखं आरपार, त्यामुळे आत शिरलेल्या बुरशीच्या सुयांना पेशी कशा वेढतात ते जिवंतपणीच दिसलं. ही डॅफ्निया म्हणजे आपल्या कोळंबीचीच नात्यातली, कवचधारीच! त्याला १९०८ चं नोबेल पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळालं. म्हणजे माणसाच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास सुरू झाला त्यात या कुळाचा मोठा वाटा आहे, आणि हे आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कोळंबीच्या अंगावर काळे डाग दिसतात, तो रोग आहे का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

काळा डाग म्हणजे बहुतेक वेळा रोग नाही, रोगाशी झालेल्या लढाईची खूण. त्या दाण्यांच्या पेशींमधे एक एन्झाइम झोपलेल्या अवस्थेत ठेवलेलं असतं, प्रोफिनॉलऑक्सिडेज. बुरशीच्या भिंतीत एक विशिष्ट साखर असते, बॅक्टेरियाच्या भिंतीत वेगळी रसायनं असतात, यातलं काहीच कोळंबीच्या स्वतःच्या शरीरात नसतं. रक्तातली प्रोटीनं हे परकं ओळखतात, पेशी दाणे बाहेर फेकते, मग एक एन्झाइम दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी हे झोपलेलं एन्झाइम जागं होतं. ते जागं झालं की विषारी रसायनं तयार होतात आणि शेवटी मेलॅनिन, आपल्या केसात असतं तोच काळा रंग. जंतू त्यात भाजलाही जातो आणि सीलबंदही होतो. जखमेच्या कडाही त्यानेच बंद होतात.

ही साखळी उलगडण्यात स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या केनेथ सोडरहॉल यांच्या गटाचं काम फार मोठं आहे, त्यांनी ते गोड्या पाण्यातल्या क्रेफिशवर, म्हणजे छोट्या शेवंडीसारख्या दिसणाऱ्या जिवावर केलं. युरोपात १८६० च्या सुमारास एका पाणबुरशीने तिथली क्रेफिश लाखोंनी मारायला सुरुवात केली, पण तीच बुरशी अमेरिकन क्रेफिशच्या कवचात नुसता काळा डाग होऊन पडून राहते, कारण अमेरिकन क्रेफिश ही काळं करणारी यंत्रणा कायम चालू ठेवते आणि युरोपियन क्रेफिशमधे ती बुरशी आल्यावर सुरू होते.

कायम चालू ठेवणं मात्र महागात पडतं, कारण ती विषारी रसायनं स्वतःलाही जाळतात. म्हणून रक्तातच ब्रेक लावणारी प्रोटीनं पण असतात.

आता तळ्यावरचं. एखाददुसऱ्या कोळंबीवर बारीक काळा ठिपका असेल, ती खात असेल, उड्या मारत असेल तर घाबरू नका, पुढच्या कातीबरोबर जाईल. पण बऱ्याच कोळंब्यांवर खड्डे पडलेले काळे डाग असतील, शेपटीच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसत असतील, तर तळ घाण झालाय, व्हिब्रिओ नावाचा बॅक्टेरिया वाढलाय, आणि कोळंबी लढून थकतेय.

बाजारातून आणलेल्या कोळंबीचं डोकं काळं पडतं, तेही हेच का?

हो, अगदी हेच! कोळंबी मेली तरी एन्झाइम मरत नाही. पेशी फुटतात, एन्झाइम मोकळं होतं, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि ज्या यंत्रणेने जिवंतपणी जंतू जाळले असते ती आता डोक्याच्या आणि पायांच्या मुळाशी नुसताच काळा रंग करत बसते. माझी आई कोळंबी आणली की आधी डोकी काढून धुऊन बर्फात ठेवायची, आणि का विचारलं तर 'काळी पडतात म्हणून' एवढंच. थंडीत एन्झाइम मंदावतं आणि डोक्यातच ते सगळ्यात जास्त असतं, तिचं दोन्ही बरोबर होतं.

त्या काळ्या रंगाने विषबाधा होत नाही, पण कोळंबी बर्फाशिवाय बराच वेळ राहिली असं तो सांगतो, तेव्हा वास घेऊनच ठरवा. हा काळेपणा टाळायला काही ठिकाणी कोळंबी सल्फाइटच्या पाण्यात बुडवतात, दमा असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो.

कुर्लीचा डेंगा (नांगी) तुटला तर ती मरत का नाही?

कारण बऱ्याचदा तो तुटत नाही, ती तोडते. प्रत्येक पायाच्या मुळाशी एक ठरलेली रेघ असते आणि पाय कुठे अडकला किंवा चिरडला की स्नायू आवळून ती तिथूनच सोडून देते. त्या रेघेवर आतून पडदा असतो, तो लगेच बंद होतो, रक्त जवळजवळ जातच नाही. पण दोरी बांधताना तुम्ही डेंगा मधेच मोडलात तर तिथे पडदा नाही, रक्त वाहत राहतं आणि कुर्ली बाजारात पोचेपर्यंत मलूल होते. कुर्ली बांधणाऱ्या मुलांना हे नक्की शिकवा. नवा डेंगा पुढच्या कातींत येतो, आधी लहान, मग हळूहळू पूर्ण.

सुंगटांका लस देतत काय हो?

सुंगटं म्हणजे कोळंबी. हा प्रश्न मला देवगडकडे एका आजोबांनी विचारला होता आणि चांगला प्रश्न आहे. लस म्हणजे शरीराला जंतूची ओळख करून देऊन अँटिबॉडी तयार करायला लावणं, आणि इथे अँटिबॉडीच नाही. त्यामुळे माणसासारखी किंवा कोंबडीसारखी लस कोळंबीला नाही.

तरी गोष्ट तिथे संपत नाही. प्रयोगशाळेत पांढऱ्या ठिपक्याच्या व्हायरसचं (कोळंबीची तळीच्या तळी मारणारा, पुढे येतोच) एक प्रोटीन खाद्यातून दिल्यावर कोळंबी काही आठवडे जास्त तगली. व्हायरसच्या जीनशी जुळणारा दुपदरी आरएनए टोचला तर कोळंबीच्या पेशी तो बघून व्हायरसचा निरोपच कापून टाकतात. म्हणजे थोडीफार आठवण असावी असं दिसतं, तिची यंत्रणा कशी चालते यावर संशोधक अजून वाद घालतायत. पण दोन एकराच्या तळ्यात लाखो कोळंब्यांना कोण टोचणार? त्यामुळे उद्या कोणी 'कोळंबीची लस' म्हणून बाटली घेऊन आलं तर पैसे खिशातच ठेवा.

पांढऱ्या ठिपक्यासमोर ही सगळी यंत्रणा का हरते?

कारण हा व्हायरस पहारेकऱ्यांच्याच घरात शिरतो. तो कवचाखालच्या थरात वाढतो, कल्ल्यांत वाढतो, रक्ताच्या पेशी जिथे बनतात तिथे वाढतो. गिळणाऱ्या पेशीच कमी झाल्या, रक्त गोठेनासं झालं की मग व्हिब्रिओसारखे एरवी गप्प बसणारे बॅक्टेरियाही हात धुऊन घेतात. हा रोग १९९२ च्या सुमारास तैवान-चीनकडे दिसला, १९९४ पासून भारतात आला, आणि तीन ते दहा दिवसांत अख्खं तळं रिकामं करू शकतो.

माझ्या एका नातलगाचं तळं असंच गेलं. संध्याकाळी एक कोळंबी कडेला सुस्त दिसली, लालसर. तिसऱ्या दिवशी पहाटे बांधाच्या कडेने पांढऱ्या पोटांची रांग होती आणि वर बगळे आणि घारी. कर्ज काढून टाकलेलं सीड, म्हणजे कोळंबीची पिल्लं, होतं. मी तिथे उभा होतो आणि करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, ते मला अजून आठवतं.

आणि नुसते पांढरे ठिपके बघून ठरवू नका, पाण्याची अल्कलिनिटी खूप वाढली किंवा काही बॅक्टेरिया असले तरी ठिपके येतात. लॅबमधे पीसीआर, म्हणजे व्हायरसचा जीन शोधणारी तपासणी, करा.

मग खाडीतली कुर्ली त्याच व्हायरसने का मरत नाही?

चिखलातली मोठी कुर्ली हा व्हायरस अंगात घेऊन बरेच दिवस फिरू शकते, तिला फार काही होत नाही. म्हणूनच ती धोकादायक. तळ्याभोवती कुर्ल्या चढू नयेत म्हणून जाळीचं कुंपण घालतात ते कोळंबी खातील म्हणून नाही, व्हायरस आणतील म्हणून. उधाणाच्या भरतीला बांधावरून येणाऱ्या कुर्ल्या, खाडीचं न गाळलेलं पाणी, आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेलेलं ओलं जाळं, या तीन वाटा बंद केल्या तर निम्मं काम होतं.

एसपीएफ सीड घेतलंय, म्हणजे रोग येणार नाही ना?

येऊ शकतो! हा गैरसमज फार नुकसान करतो. एसपीएफ म्हणजे ठराविक रोगांपासून मुक्त असलेल्या आईबापांची पिल्लं, रोगाला दाद न देणारी पिल्लं नाहीत. स्वच्छ घरातून आलेलं मूल म्हणा, पण ते मूल तुमच्या तळ्यात काय भेटेल त्याला कसं तोंड देईल हा वेगळा प्रश्न. २००९ मधे भारतात व्हॅनामीला, म्हणजे तळ्यात वाढवायच्या परदेशी कोळंबीच्या जातीला, परवानगी मिळाली ती अशाच परदेशी एसपीएफ जनकांवर, जे चेन्नईत क्वारंटाइन करून मगच हॅचरीला, म्हणजे पिल्लं काढायच्या केंद्राला, जातात. त्या साखळीचा फायदा तुमच्या तळ्यात पाणी गाळलेलं असेल तरच.

अँटिबायोटिक टाकू का?

नका टाकू. व्हायरसवर ते चालत नाही, आतड्यातले चांगले बॅक्टेरिया मरतात, उरलेले व्हिब्रिओ औषधाला सरावतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान तर बंदच आहेत, त्यांचा अंश सापडला की परदेशातून अख्खा माल परत येतो.

दुकानात 'इम्युनिटी बूस्टर' मिळतो, त्याचा उपयोग होतो?

काहींचा होतो, थोडा. यीस्टपासून काढलेलं बीटा ग्लुकान म्हणजे बुरशीच्या भिंतीतली तीच साखर, ती खाद्यातून दिली की कोळंबीची यंत्रणा 'बुरशी आली' समजून सावध होते. पण सतत देत राहिलात तर ती सतत सावध राहून थकते, म्हणून मधे खंड ठेवून द्यायचं. चांगले बॅसिलस बॅक्टेरिया पाण्यात किंवा खाद्यात दिले तर ते व्हिब्रिओची जागा आणि जेवण पळवतात. व्हिटॅमिन सी जखम भरायला मदत करतं. पण ऑक्सिजन कमी असलेल्या तळ्यात यातलं काहीही ओतलं तरी पैसे पाण्यात, शब्दशः.

पहिल्या पावसानंतरच रोग का येतो?

आपल्या कोकणात हे ठरलेलंच. मृगाचा पाऊस पडतो, गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खाली खारं राहतं, खालच्या पाण्यापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. बांधावरच्या लाल मातीतून येणारं पाणी आम्लधर्मी असतं, पीएच घसरतो. ढग आले की पाण्यातलं हिरवं शेवाळ मरतं आणि पहाटे ऑक्सिजन फार कमी होतो. कोळंबी आपल्या अंगातलं मीठ सांभाळण्यात सगळी ताकद घालवते, रक्तातल्या पेशी कमी होतात, आणि अंगात दबून बसलेला व्हायरस उठतो. जंतू नवा आलेला नसतो हो, पहारा ढिला झालेला असतो.

पावसात वरचं पाणी काढून टाका, एरेटर चालू ठेवा, चुना भिजवून मारा, पोटॅशियम-मॅग्नेशियम बघा. ऑक्सिजन पहाटे लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका.

रोग आलेल्या तळ्यातली कोळंबी खाल्ली तर?

पांढऱ्या ठिपक्याचा व्हायरस माणसाला होत नाही. व्हिब्रिओचे काही प्रकार मात्र पोट बिघडवतात, कच्ची किंवा अर्धकच्ची कोळंबी खाऊ नका, नीट शिजवली की प्रश्न नाही. कोळंबी खाऊन अंगावर गांधी उठतात ती ॲलर्जी आहे, बहुतेक वेळा तिच्या स्नायूतल्या ट्रोपोमायोसिन या प्रोटीनची, आणि ती शिजवूनही जात नाही.

आणि कळकळीने सांगतो, रोगाचं पाणी खाडीत सोडू नका. क्लोरीन मारा, काही दिवस कोंडून ठेवा, मग सोडा. खालच्या अंगाचा शेजारी त्याच खाडीतून पाणी घेतो.

रोज नक्की काय बघू?

सकाळी चेक ट्रे वर काढा आणि पाच-सहा कोळंब्या हातात घ्या, उजेडाकडे धरा. आतडं भरलेलं, सलग दिसतंय का, तुटक किंवा पांढरट नाही ना. डोक्यातली यकृताची पिशवी गडद आणि भरीव आहे का, फिक्कट आणि आक्रसलेली नाही ना. मिशा लांब आहेत का. कल्ले स्वच्छ आहेत का. शेपटीचा पंखा दुमडा, सोडा, लगेच सरळ व्हायला हवा. मग एकीचं कवच डोक्याजवळ सोलून खिडकीच्या उजेडात धरा, आतून नखाने खरवडून निघत नाहीत असे पांढरे ठिपके दिसले तर बाकीचं सगळं थांबवा, पाणी बाहेर जायची वाट बंद करा आणि नमुना घेऊन त्याच दिवशी लॅबला निघा.